पळायची वाट

वरातीतून, शर्यतीच्या घाटातून किंवा यात्रेतल्या फेऱ्यांतून सुटून आलेल्या तट्टाबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, "शांत झालं का?" अशा तट्टांना शिकवून घर शोधून द्यायचं काम करता करता हा प्रश्नच मला खटकू लागला आहे. आलेल्या तट्टांमध्ये ज्याची अवस्था सर्वांत वाईट, ते बहुधा सर्वांत शांत असतं. दावणीला बांधा, उभं राहतं. खोगीर टाका, उभं राहतं. जवळ जाऊन बघितलं की वेगळंच दिसतं. कान कोणत्याच आवाजाकडे वळत नाहीत, डोळा उघडा असतो पण नजर कशावर टेकत नाही, खालचा ओठ आवळलेला, शेपूट मांड्यांत दाबलेलं, आणि खांद्यावर हात ठेवला की पाय जागचे न हलता नुसती कातडी थरथरते. तोंड उघडून पाहावं तर ओठांच्या कोपऱ्यांत आणि जिभेवर काटेरी लगामाचे जुने वण. अशा तट्टाने पळण्याचा नाद सोडलेला असतो, आणि आपण त्यालाच गुण समजून बसतो. भेदरलेल्या तट्टाला शिकवायचं म्हणजे त्याला पळायची वाट परत द्यायची, आणि त्याला घर शोधायचं म्हणजे ती वाट जिथे शिल्लक राहील अशी जागा शोधायची, असं माझं म्हणणं आहे. ही दोन्ही कामं एकच आहेत. आपल्याकडे ती वेगळी धरली जातात, आधी "सुधारायचं" आणि मग मिळेल त्याला द्यायचं, म्हणून केलेली बरीचशी मेहनत दुसऱ्याच महिन्यात पाण्यात जाते.

आमच्या नगर जिल्ह्याला घोडं नवं नाही. (अहिल्यानगर हे नाव आता कागदोपत्री रुळलं आहे, पण बाजारात अजून नगरच चालतं.) भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू पुणे, सोलापूर, साताऱ्याइतकंच आपलंही, मराठ्यांच्या दौडी त्याच्या पाठीवर झाल्या आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता कुठे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. नगरच्या छावणीत १९४८ पासून चिलखती दलाचं केंद्र आहे. त्या दलात अजून सवार, दफादार, रिसालदार अशीच पदं आहेत, काही रेजिमेंटांच्या नावात 'हॉर्स' आहे, दावणीला घोडा मात्र क्वचितच. देशाचे आकडेही हेच सांगतात. २०१९ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून ३.४ लाख भरली. २०१२ च्या मानाने ही घट ४५ टक्क्यांहून जास्त आहे. जनावरं कमी झाली तशी त्यांची जाण असलेली माणसंही कमी झाली. चाबूकस्वार उरले नाहीत, नालबंद शोधावा लागतो, आणि घोडी बाळगणारा पुष्कळदा घोडेवाला नसून मंडप-बँडवाला असतो. पिढीजात घोडेवाल्याला जे बघून कळायचं ते याला कळत नाही, आणि त्याला शिकवायलाही कोणी नाही.

भीती आवाजाची असते, गर्दीची असते, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा असता तर आषाढी वारीतलं रिंगण शक्यच झालं नसतं. माउलींच्या पालखीचे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, आणि हजारो वारकऱ्यांच्या मधोमध, टाळ-मृदंगाच्या कल्लोळात ते दौडतात. लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात, तरी घोडे बिथरत नाहीत. आता वरात आठवा. समोर बँड, मागे बायका-पोरं, दोन्ही बाजूंना डोक्यावर दिवे घेतलेली माणसं, मध्येच जनरेटरचा गाडा, डीजेची भिंत, वर फुटणारे फटाके, आणि लगाम तोंडाशी घट्ट धरलेला माणूस. रिंगणातही गोंगाट कमी नसतो. फरक इतकाच की तिथे घोड्यापुढे मोकळी वाट आखलेली असते आणि त्याने धावावं हीच सगळ्यांची इच्छा असते. वरातीत चारी वाटा बंद असतात आणि त्याने हलू नये ही अपेक्षा असते. त्यात घोड्याच्या डोळ्यांची ठेवण अशी, की जवळजवळ चौफेर दिसतं, पण कपाळासमोरचा अगदी जवळचा पट्टा आणि शेपटाच्या बरोबर मागची जागा दिसत नाही. वरातीत ढोल वाजतो तो नेमका पहिल्या जागी आणि फटाके लावतात ते दुसऱ्या जागी. पळणं हेच ज्याचं एकमेव हत्यार, त्याचं ते हत्यार आपण तोंडातल्या लोखंडाने अडवतो. काटेरी लगामाला १९६५ च्या ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीच्या नियमांनी बंदी केलेली आहे; साठ वर्षं झाली, वण अजून नवे सापडतात.

यावर कोणी म्हणेल, रिंगणाचे घोडे निवडक असतात, सांभाळणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात, त्यांची तुलना भाड्याच्या घोडीशी करू नये. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. तेच सांभाळणारे, त्यांच्याबरोबर अंकलीहून आळंदीपर्यंत पायी केलेली वाट, तोच हात, तोच आवाज: घोड्याला पळायची मुभा असली की तो कशाकशाची सवय करून घेऊ शकतो, हेच त्यातून दिसतं. सगळ्या वरातीच्या घोड्या दुःखी असतात असंही मी म्हणत नाही. मालक स्वतः बरोबर चालणारा, स्पीकरपासून अंतर राखणारा, साधा लगाम घालणारा असेल तर काही घोड्या वर्षानुवर्षं नीट काम करतात. पण एकदा मोडलेल्या तट्टाला त्याच कामावर परत नेणं ही वेगळी गोष्ट आहे.

गप्प तट्टाचा अर्थ लावायला प्रयोगशाळेतला एक जुना धागा उपयोगी पडतो. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की टाळता न येणारा त्रास पुन्हा पुन्हा झाला की प्राणी पुढे सुटका शक्य असतानाही धडपड करत नाही. हा प्राणी हतबल व्हायला शिकतो, असं तेव्हा मानलं गेलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूचा नवा अभ्यास जमेस धरून आपला निष्कर्ष उलटा केला. दीर्घ त्रासात गप्प पडणं ही मुळातलीच प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते "माझ्या करण्याने काही बदलतं" हे. कुत्र्यांवरून घोड्यांकडे उडी मारताना जपून मारावी हे खरं, पण गोठ्यात जे दिसतं ते याच्याशी जुळतं. नुसती विश्रांती, चारा आणि प्रेम दिल्याने गप्प तट्टू आपोआप मोकळं होत नाही. त्याच्या हालचालीने जग बदलतं, हे त्याला मुद्दाम शिकवावं लागतं.

ते शिकवायची रीत बघायला कंटाळवाणी आहे. मोकळ्या आवारात तट्टू सोडायचं, बांधायचं नाही. कडबा एका कोपऱ्यात न टाकता दोन-तीन ठिकाणी टाकायचा, म्हणजे एका पेंढीवरून हुसकलं तरी दुसरी असते. माणसाने तोंडासमोरून जायचं नाही, मागून तर नाहीच. खांद्याच्या रोखाने, तिरकं, हात खाली सोडून चालायचं. तट्टाने मान उचलली की थांबायचं. कान आपल्याकडे वळला, चघळणं पुन्हा सुरू झालं, की एक पाऊल पुढे टाकायच्या ऐवजी मागे यायचं. नवख्याला हेच जमत नाही. त्याला वाटतं, आत्ता तर जवळ जाता आलं असतं. पण तट्टू शिकतं ते आपल्या मागे येण्यातून. मी मान उचलली तर माणूस थांबला, मी निवांत झालो तर माणूस बाजूला झाला: त्याच्या हाती पहिल्यांदा काहीतरी आलं. या टप्प्यावर गप्प तट्टू बहुतेक वेळा आधी "बिघडतं". उधळतं, कान पाडतं, एखाद वेळी लाथ झाडतं. बघणारा म्हणतो, आणलं तेव्हा बरं होतं. मला मात्र त्या लाथेने हायसं वाटतं.

खुराचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. महिनोन्‌महिने वाढलेले खूर कापायचे तर पाय उचलावा लागतो, आणि तीन पायांवर उभं राहणं म्हणजे पळण्याचा हक्क दुसऱ्याच्या हातात देणं. दोन माणसांनी कानपिळा लावून नालबंदाचं काम उरकता येतं, पण पुढच्या खेपेला चार माणसं लागतात. त्याऐवजी हात खांद्यावरून गुडघ्यापर्यंत न्यायचा आणि काढायचा, मग घोट्यापर्यंत, मग पायावरचा भार जरा हलला की लगेच सोडून द्यायचं. पाय उचलला तर तट्टाने हिसका द्यायच्या आधी आपणच खाली ठेवायचा. हिसका दिल्यावर सोडला तर ते हिसका द्यायला शिकतं, आणि हिसक्यानंतरही धरून ठेवला तर वाट बंद झाली हे शिकतं. सगळं कसब त्या मधल्या क्षणात आहे. जखमी खुराला इतका वेळ नसतो, तिथे डॉक्टरांनी गुंगी देणं बरं, कारण झोपेतल्या जबरदस्तीची आठवण कमी राहते.

जुनी माणसं यावर हसतात. आमच्या वाडवडिलांनी घोडी दोन दिवसांत सरळ केली, म्हणतात. खुंट्याला बांधायचं, पाठीवर पोतं हलवत राहायचं, दमलं की ऐकतं. ते खोटं बोलत नाहीत. न दुखावलेलं, ताज्या दमाचं शिंगरू त्या रीतीने वठणीवर यायचं, आणि नंतर आयुष्यभर त्याच घरात राहायचं. पण पद्धतींची तुलना झालेली आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दोन वर्षांच्या २७ घोड्यांना हलणाऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय तीन रीतींनी लावून पाहिली. भीतीची वस्तू अगदी सौम्य रूपात दाखवत हळूहळू वाढवत नेलेल्या घोड्यांनी कमी वेळा पळ काढला आणि त्यांना सत्रंही कमी लागली. पूर्ण जोराने एकदम सामोरे केलेल्यांपैकी काही शेवटपर्यंत रुळले नाहीत. म्हणजे हळू जाणं हाच कमी वेळाचा रस्ता निघाला. आपल्या जिल्ह्यात तर नायलॉनच्या पिशवीची चंगळ आहे. शेततळ्याचा फाटका कागद, डाळिंबावरचं शेडनेट, कांद्याच्या चाळीवरची ताडपत्री, हंगामात दोन ट्रॉल्या ओढत मोठ्याने गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर: तट्टू जिथे जाणार तिथल्याच या वस्तू शंभर पावलांवरून दाखवायला सुरुवात करावी. कुठे जाणार हेच ठरलेलं नसेल तर कशाची सवय लावायची? शिक्षण आणि घर वेगळं करता येत नाही ते इथे.

माणसाच्या बाबतीतही हेच. स्वीडनमधल्या २००९ च्या एका अभ्यासात घोडा हातात धरून चालणाऱ्यांना सांगितलं गेलं, की पुढच्या फेरीत घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण धरणाऱ्याच्या काळजाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही. तेव्हा "आम्ही घोडं शिकवून देतो, तुम्ही फक्त सांभाळा" हे आश्वासन पोकळ आहे. माझ्या हाताखाली निवांत असलेलं तट्टू घाबरट हातात घाबरटच होणार. नवा सांभाळणारा शिक्षणाच्या मध्यावरच यायला हवा, आणि तट्टाबरोबर त्यालाही मागे येणं शिकवायला हवं.

आता घराचं. पहिला पर्याय लोकांना सुचतो तो गोशाळा किंवा पांजरपोळ. कायदाही तिकडेच बोट दाखवतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे छळाच्या गुन्ह्यात जप्त झालेलं जनावर खटला चालेपर्यंत अशाच संस्थांकडे ठेवलं जातं. जीव वाचवायला ही सोय मोलाची आहे. पण गाईंच्या रांगेत, गळ्यात दावं, खाली फरशी, अशा ठिकाणी घोडं सुरक्षित असलं तरी अडकलेलंच असतं. मोकळं घोडं दिवसातले बहुतेक तास चरत-चालत घालवतं. त्याच्या पोटाची रचनाच थोडं थोडं सतत खाण्याची आहे, आणि दोन वेळा टाकलेल्या वैरणीवर उभं ठेवलं की पोटशूळ होतो आणि लाकूड कुरतडण्यासारख्या सवयी लागतात. दुसरा पर्याय बाजार: येवल्याचा घोडेबाजार जवळ, सारंगखेड्याची यात्रा मोठी. तिथे घेणारा दात बघतो, पाय बघतो, रेवाल चाल बघतो, भोवरे आणि शकुन-अपशकुनाच्या खुणा तर बारकाईने बघतो. हे कशाला भितं, असं विचारणारा विरळा. त्यातून बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२१ च्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या, पारनेर-जुन्नरकडच्या घाटांत बैलांपुढे धावणारी घोडी पुन्हा लागू लागली. बाजारात सोडलेलं चपळ तट्टू तिकडे जाणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

पुष्कळ तट्टांसाठी माझी पसंती मेंढपाळांच्या फिरत्या वाड्याला आहे. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतले धनगर पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन पश्चिमेकडे निघतात. तट्टाच्या पाठीवर मेंढ्या कोंडायची वाघुरीची जाळी, भांडी, नुकती व्यालेली कोकरं, कोंबड्यांची डाली, कधी एखादं पोर. चाल मेंढीच्या गतीची, मुक्काम उघड्यावर, सोबतीला दुसरी तट्टं आणि कुत्री, रोज तीच माणसं. काम आहे, पण कोंडी नाही. प्राणिमित्रांपैकी अनेकांना हे पटत नाही. सोडवून आणलेल्या जनावराला पुन्हा ओझं का, असं ते विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. वाड्यावरही तट्टाच्या पाठीला जखमा होतात, पुढचे पाय बांधून चरायला सोडलं जातं, घाटरस्त्याला ट्रक अंगावर येतात. म्हणून वाडा बघताना माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या आधीच्या तट्टांची पाठ बघावी. पाठ केसाळ आणि अखंड असेल तर पुढचं बोलावं. १९६५ च्याच नियमांनी तट्टासाठी ओझ्याची मर्यादा ७० किलो ठेवली आहे, ती नीट सांगावी. पण काम नको म्हणजे खुंटा बरा, हे मात्र मला पटत नाही. पाठीने अधू झालेलं, म्हातारं किंवा डोळ्याने गेलेलं तट्टू वेगळं. त्याला फळबागेचं मोकळं रान आणि एखादी शेळी सोबतीला पुरते. शेळीची सोबत जमली असेल तर दोघांना एकत्रच द्यावं.

कायद्याने सुटका होते, पत्ता मिळत नाही, हे मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांनी दाखवलं. उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभराची मुदत दिली. पण घोडेवाल्यांच्या पोटाचा आणि घोड्यांच्या ठिकाणाचा प्रश्न निकालानंतरही बरीच वर्षं रेंगाळला. खेड्यातल्या एका तट्टाचंही तेच होतं, फक्त त्याची बातमी होत नाही.

देण्याआधी ग्लँडर्सची तपासणी करावीच. हा रोग माणसाला होतो, आणि निदान पक्कं झालं तर जनावर मारावं लागतं, त्यामुळे ती टाळण्याचा मोह होतो, तो आवरावा. धनुर्वाताची लस द्यावी. अंतर थोडं असेल तर तट्टू चालवत न्यावं. 'छोटा हत्ती' टेम्पोत चढवायचंच असेल तर गाडीचा मागचा फाळका शेताच्या बांधाला असा लावावा की पाय उचलून चढावं लागू नये, आणि आदल्या काही दिवसांत गाडी तिथेच उभी करून तिच्यात कडबा टाकून ठेवावा. आत जाता येतं तसं बाहेरही येता येतं हे कळलेलं तट्टू गाडीत घामाघूम होत नाही. नव्या घरी पहिले दिवस काम नको, जुनी मोहरकी आणि जुन्याच वैरणीच्या पेंढ्या बरोबर द्याव्यात.

एवढं सगळं करायला पैसा आणि माणूस कुठून आणायचा, हा शेवटचा आक्षेप, आणि याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एक हिशोब मात्र दिसतो: घाईने दिलेलं तट्टू परत येतं, आणि परत आलेलं तट्टू पहिल्यापेक्षा अवघड असतं. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळदा ते परत येतच नाही. सांभाळता न आलेला माणूस लाजेने किंवा बोलणी खायच्या भीतीने ते गुपचूप बाजारात नेतो. म्हणून करारनाम्यात विकायचं नाही, वरातीला द्यायचं नाही, या अटींच्याही वर पहिलं कलम असावं ते असं: केव्हाही, काहीही कारण न सांगता, तट्टू परत आणून सोडता येईल, आणायची गाडी नसेल तर आम्ही न्यायला येऊ. काही घेणाऱ्यांना हे वाचून राग येतो, आमच्यावर विश्वास नाही का म्हणतात. काहीजण मुकाट्याने मोबाइल काढून नंबर टिपून घेतात. तट्टू द्यायचं ते या दुसऱ्यांना.